खोक्याशेजारचा माणूस

रोनेशच्या त्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे शिवदयाल मास्तरांना पुन्हा एकदा आठवलं ते खोक्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेताना. पत्र त्यांची बायको धनमती गेली त्या वर्षीचं. ऑकलंडहून आलेलं, हाताने लिहिलेलं. बापाला फोनवर बोलायला जमत नाही, शब्द घशातच बसून राहतात, हे मुलाला ठाऊक होतं. आणि तारीख कुठे घालायची, समास किती सोडायचा, हे बापानेच त्याला लहानपणी शिकवलं होतं. पत्रात हवापाणी होतं, कामाचं होतं, सून प्रीतिकाचा नमस्कार होता, आणि शेवटी बरीच मोकळी जागा सोडून एकच ओळ होती. पापा, तुम्हाला काय लागतं ते कळवा. मास्तर लगेच कागद घेऊन बसले होते. ‘प्रिय रोनेश’ लिहिलं आणि पुढे पेन हलेना. जन्मभर पोरांना इतिहास शिकवला, भिंतभर पुस्तकं वाचली, आणि एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर येईना. ‘काही नाही’ असं लिहिणं खोटं झालं असतं. खरं काय, ते ठाऊक नव्हतं. उद्या लिहू, म्हणून कागद पुस्तकात ठेवला. कुठल्या पुस्तकात, तेही आता आठवत नव्हतं.

“हसा की मास्तर,” लितिया म्हणाली. “मी पोलिसातून आलेय का?”

लितिया दुकानाची गाडी चालवायची. धिप्पाड बाई, कानामागे जास्वंदीचं फूल, आणि आवाज असा की ती गल्लीच्या तोंडाशी वळली की शेवटच्या घराला कळावं. मास्तर हसले. म्हणजे ओठ थोडे ताणले. दुकानाचा नियमच होता तो. पैसे भरणारा परदेशात, माल खाणारा इथे. माल पोचला याचा पुरावा म्हणून खोक्याशेजारी माणूस उभा करून फोटो घ्यायचा आणि पैसे भरणाऱ्याला पाठवायचा. मुलं तिकडे कामावरून परतताना बसमध्ये फोनवर बोट फिरवून आईबापांचा बाजार भरतात, आणि लौटोका गावातल्या ओट्याओट्यांवर म्हातारी माणसं खोक्यांशेजारी उभी राहून हसतात. मास्तरांच्या तवाकुबू वस्तीत आता बहुतेक घरी असंच होतं. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. शेजारची भागवती भौजी तर फोटोसाठी खास साडी बदलायची.

“हे बघा, किती गोड आलात!” लितियाने फोन त्यांच्या नाकापुढे धरला. आणि तिथे काहीतरी झालं. फार मोठं काही नाही, पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तेवढंच. फोटोत एक म्हातारा हात सरळ खाली सोडून उभा होता. शेजारी खोका. खोक्यावर चिकटवलेला कागद, आणि म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातूनही एक कागद डोकावत होता. दोघांपैकी पोचवलेला माल कोणता, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. मास्तरांनी फोन परत दिला, “छान आहे” म्हणाले, लितियाला पाणी विचारलं. ती गेली. आपण उगाच मनाला लावून घेतोय, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मुलगा काळजी करतो, खर्च करतो, आणि आपण फोटोवरून रुसतो. हे म्हातारपणाचं खूळ. पण खूळ म्हटल्याने ते जाईना. खोक्यातून त्यांनी एकेक वस्तू काढली. पीठ, तांदूळ, तेल. टिनातले मासे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली भोपळ्याची फोड, तिच्यावर एक डाग नाही. भेंडी सगळी एका मापाची, एका रंगाची, कुणी न निवडलेली. आणि तळाशी क्रीमची ती बिस्किटं. धनमतीला आवडायची. ती चहात बुडवून खायची आणि शेवटचं नेहमी रोनेशला द्यायची. मास्तरांनी ती कधीच खाल्ली नव्हती, त्यांना त्या क्रीमचा वास सहन व्हायचा नाही. पण रोनेशला वाटत असणार, घरात येत होती ती म्हणजे पापांनाही आवडतात. बिचाऱ्याने आठवणीतून बाजार भरला होता. दुसरं कुठून भरणार? विचारलं होतं त्याने. उत्तर आलं नव्हतं.

बाजार म्हणजे धनमतीचं राज्य. ती होती तोवर मास्तर बाजारात जायचे ते पिशवी धरायला. कोपऱ्यातल्या खांबाला टेकून पुस्तक उघडायचे, आणि ती भाज्यांच्या ढिगांमधून अशी चालायची की विकणाऱ्या बायका सावरून बसायच्या. अननस उचलून बुडाशी हुंगायची, दालोचा, म्हणजे अळूचा, कांदा अंगठ्याने दाबायची, “हे कालचं आहे, मला काय आंधळी समजतेस?” म्हणायची, आणि भांडण इतकं रंगायचं की मास्तर लाजेने पुस्तकात आणखी खोल शिरायचे. ती गेल्यावर पिशवी त्यांच्या एकट्याच्या हातात आली. पहिल्या दिवशी ते त्याच खांबापाशी जाऊन उभे राहिले. आपण कशासाठी आलोय तेच उमगेना. शेवटी सुकराजी ओरडली. सुकराजी भेंडी-कोथिंबीर विकायची, धनमतीची जुनी वैरीण, म्हणजे मैत्रीणच. “अहो मास्तर, खांब विकत घ्यायचाय का?” आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. मास्तर कानापर्यंत लाल झाले, पुढे झाले, आणि समोरचा ढीग न बघता पिशवीत घालून घेतला. घरी येऊन बघतात तो अर्धी भेंडी काठीसारखी. ती त्यांनी चावून चावून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सुकराजीने विचारलं, “कशी होती?” खोटं बोलावं असं आलं होतं मनात. पण ते म्हणाले, “जून होती.” ती जी हसली! “धनमती असती तर माझ्या तोंडावर फेकून मारली असती. आणि तुम्ही खाल्लीत? टोक मोडून बघायचं मास्तर, टोक! मोडलं तर कोवळी, वाकलं तर माझ्यासारखी.” मास्तरांनी टोक मोडून पाहिलं. मोडलं. एवढासा तो आवाज, कट्. पण तो त्यांना पुढे दिवसभर ऐकू येत राहिला. पुस्तकातून न घेतलेली अशी ती त्यांची पहिली विद्या. ती त्यांना फारशी कधी आलीच नाही, ते चुकतच राहिले, कडू काकड्या आणल्या, पोकळ कलिंगड आणलं. पण बाजारात आता त्यांना नाव होतं, त्यांची टिंगल होती, त्यांच्यासाठी कुणी मोठ्याने ओरडत होतं. जन्मभर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाला ही केवढी गोष्ट आहे, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मग एकदा फरशी धुतलेली होती, पाय सरकला, ते पडले. फार लागलं नव्हतं. सुकराजीने उठवलं, सरबत पाजलं, आणि “तिच्याकडे जायची एवढी घाई आहे का?” म्हणून झापलं. पण मास्तर बसने घरी येईपर्यंत बातमी ऑकलंडला पोचली होती. त्या आठवड्यापासून खोके सुरू झाले. “पापा, आता बाजार बंद. सगळं दारात येईल,” असं रोनेशने भागवती भौजीच्या फोनवरून सांगितलं, आणि मास्तर “बरं” म्हणाले. बरं! हा शब्द त्यांच्या तोंडातून आयुष्यभर खोकल्यासारखा आपोआप येत आलेला.

त्या फोटोनंतरचा गुरुवार. गुरुवारीच खोका यायचा. मास्तरांनी आंघोळ केली, पांढरा पंचा ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीवर टाकला, अंगणातली जास्वंदीची फुलं तोडून त्याच्यावर ठेवली, देवासाठी. वाचायचा चष्मा काढून फुलांशेजारी ठेवला आणि लांबचा लावला. साखरेच्या गिरणीचा हंगाम चालू होता, हवेत काकवीचा जड गोड वास, आणि जळलेल्या उसाची काळी राख फुलांवर अलगद उतरत होती. ते ती फुंकरीने उडवत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लितियाचा आवाज आला. कुणाला तरी ती चिडवत होती. आणि मास्तरांच्या पायांनी निर्णय घेतला. त्यांनी स्वतः घेतला असं म्हणणं बरोबर नाही, त्यांच्याने इतक्या लवकर कधी काही ठरलं नव्हतं. खुंटीवरची धनमतीची पिशवी हातात आली, मागचं दार उघडलं, आणि शिवदयाल मास्तर, वर्गातल्या पळपुट्या पोरांचे कान धरणारे, स्वतःच्या घराच्या मागच्या कुंपणातून वाकून पळाले. ते बसमध्ये बसले. लितिया ताटकळेल. फोटो नाही म्हणून तिला बोलणी बसतील. आपण दुष्ट आहोत का? परत जावं का? पुढच्या थांब्यावर उतरता येईल. थांबा आला. ते उतरले नाहीत. त्याच्या पुढचाही आला. मास्तरांनी खिडकीची दांडी घट्ट धरून ठेवली, कुणी ओढून खाली उतरवणार असल्यासारखी.

“आले! खांबवाले आले!” सुकराजी ओरडली. “मेलात असं वाटलं मला.”

“नाही. खोके यायचे घरी.”

“खोके? मग आज काय, खोका रुसला?”

“मी रुसलो,” मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. सुकराजीने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि पोत्यावरची भेंडी हाताने थोडी पसरली, पाहुण्यापुढे पान मांडावं तशी. त्यांनी सावकाश निवडली. टोकं मोडून पाहिली. मोडतंय की वाकतंय, बोटांना अजून नीट कळत नव्हतं, मध्ये बरेच दिवस गेले होते. सुकराजी बघत होती आणि मुद्दाम सांगत नव्हती. मग ते उगाच इकडेतिकडे फिरले. अननस हुंगले. दालोवर अंगठा दाबला. खांबापाशी जाऊन त्याला हात लावून आले.

घरी परतले तेव्हा दुपार कलली होती. गल्लीत शिरताना पहिल्यांदा दिसली ती ताडपत्री. त्यांच्याच अंगणात, आंब्यापासून ओट्यापर्यंत निळी ताडपत्री बांधलेली. खाली चटया. चटयांवर पुरुष बसलेले, मध्ये यांगोनाचं, त्या मुळीच्या पेयाचं, भांडं, आणि कुणी हसत नव्हतं. बाजाची पेटी भिंतीला टेकवून ठेवलेली, म्हणजे रामायण मंडळी येणार होती. मास्तर जागीच थबकले. कोण गेलं? कुंपणाच्या क्रोटनच्या झाडांआड उभं राहून ते माणसं मोजू लागले, कोण दिसत नाही ते बघू लागले. सगळे दिसत होते. मग त्यांची नजर ओट्यावर गेली. वेताची खुर्ची. तिच्यावर पांढरा पंचा, पंच्यावर जास्वंदीची फुलं, फुलांशेजारी चष्मा. शेजारी खोका. धनमती गेली तेव्हा तिची खुर्ची अशीच मांडली होती. त्यांच्या घरची रीत ती. गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर त्याचं वस्त्र, त्याची वापरातली एखादी वस्तू आणि फुलं, तेरा दिवस. येणारा प्रत्येकजण आधी खुर्चीला हात जोडायचा. रोनेशने तेव्हा स्वतःच्या हाताने आईची ओढणी खुर्चीवर घडी करून ठेवली होती. लितियाला हे काय ठाऊक! घरात माणूस नाही, फोटो घेतल्याशिवाय दुकानाचं काम मिटत नाही. तिने खुर्चीशेजारी खोका ठेवला आणि घेतला फोटो. आणि तिकडे कामावर रोनेशने फोन उघडला. मग बातमी ऑकलंडहून बा गावच्या नातेवाइकांकडे, बाहून नांदीला, नांदीहून तवाकुबूत. मास्तर घरात नव्हतेच, म्हणजे इस्पितळातच गेले असणार, असं ज्याने त्याने धरून चाललं. माल पोचला होता.

पुढे व्हावं, की मागच्या कुंपणातून परत जावं? मास्तरांना खरोखर लाज वाटत होती, एवढ्या लोकांची गैरसोय केल्याची. जिवंत असल्याबद्दल माफी कशी मागतात, याची वाक्यं ते मनात जुळवू लागले. तेवढ्यात ओट्याच्या कडेला भोपळा चिरत बसलेल्या भागवती भौजीचा रडवेला आवाज आला. खोक्यातलाच तो भोपळा.

“फार गरीब माणूस हो. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. काही लागायचंच नाही त्याला.”

“खरंय,” ताडपत्रीखालून गल्लीतला बलवंत म्हणाला. त्यानेच ती बांधली होती. “पुस्तक दिलं की झालं. त्याला कसली चव नाही, कसली हौस नाही.”

चटयांवरची सगळी डोकी हळूहळू हलली. चांगल्या मनाने हलली. आणि मास्तरांच्या आत, जिथे तीन वर्षं एक कोरा कागद पडून होता, तिथे काहीतरी पेटलं. हे असंच लिहिलं जाणार तर. काही लागायचं नाही. हेच वाक्य उद्या ऑकलंडला जाईल, प्रीतिका ते मुलांना सांगेल, भिंतीवरच्या फोटोखाली ते कायमचं बसेल, आणि ते खोडायला आपण नसू. धनमतीसुद्धा असंच समजत गेली का? तिने कधी विचारलं नाही, आपण कधी सांगितलं नाही, खांबाला टेकून राहिलो. ते पुढे कधी झाले ते त्यांना कळलं नाही. पहिल्यांदा लितियाने पाहिलं. ती बिचारी बातमी ऐकून गाडी घेऊन परत आली होती, आणि कोपऱ्यात रडून डोळे सुजवून बसली होती. तिने जी किंकाळी फोडली, तिने आंब्यावरच्या मैना उडाल्या.

“लागतं!” मास्तर म्हणाले. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा म्हटलं, वर्गाच्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं. “मला लागतं! कोण म्हणतं लागत नाही?”

बलवंतच्या हातातली करवंटी कलंडून यांगोना त्याच्या मांडीवर सांडत होता, तेही त्याला कळत नव्हतं.

“मला भेंडी लागते,” मास्तर म्हणाले, “मी निवडलेली. मला बाजार लागतो. शिव्या लागतात सुकराजीच्या. ती बिस्किटं मला आवडत नाहीत, कधीच आवडली नाहीत, कुणीतरी घेऊन जा ती. आणि खोक्याशेजारी मी उभा राहणार नाही. आज नाही, परत कधी नाही.”

“म्हणजे…” बलवंतने गिळलं. “म्हणजे तुम्ही आहात, मास्तर?”

“आहे.”

“मग ही ताडपत्री…”

“राहू दे आता बांधलीय तर,” भागवती भौजी डोळे पुसत ओरडली. “आणि मास्तर, मेल्यावर तरी माणूस वेळेवर घरी असतो हो! माझा भोपळा चिरून झालाय, त्याचं काय करू?”

कुणीतरी हसलं, आणि मग ते हसू चटयांवरून पसरत गेलं, थांबवता येईना. लितिया मात्र रागाने लाल झाली होती. ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्याहून वीतभर उंच. “मी तुम्हाला मारलं असं वाटलं मला. तुमच्या खुर्चीचा फोटो घेऊन. कळतं का?” मास्तरांची मान खाली गेली. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुला सांगायला हवं होतं. मी पळून गेलो.” मग पिशवीत हात घालून त्यांनी भेंडी तिला दाखवली, का कुणास ठाऊक. “हे आणायला.” लितियाने भेंडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. “एवढ्यासाठी?” “एवढ्यासाठी.” तिने नाक पुसलं. “मग जास्त तरी आणायची, मास्तर. माणसं किती आहेत बघा.”

भेंडी त्यांनी स्वतः केली. सगळ्यांच्या वाट्याला चमचा-चमचा आली. भागवती भौजीने घास घेतला, चावला, चावत राहिली. “कुणी निवडली ही?”

“मी.”

“दिसतंच आहे.”

निम्मी जून निघाली होती. मास्तर ताठ बसून खात होते. त्यांच्या आयुष्यात त्यांच्या हातचं इतक्या लोकांनी कधी खाल्लं नव्हतं.

मग भागवती भौजीने ऑकलंडला लागलेला फोन मास्तरांच्या हातात दिला. तिने आधीच ओरडून सगळं सांगितलं होतं. “पापा,” रोनेश म्हणाला, “मी विमानाचं तिकीट बघत होतो.” आणि रडायला लागला. पोराला असं रडवलं. बरं, म्हणावं का? फोटोत उभं राहायला खरंच काय जातं आपलं? मिनिटभराचं तर काम. ते बोलणारच होते.

“फोटोत उभं राहायला काय जातं तुमचं, पापा?” रोनेशनेच विचारलं. “एवढं एकच मागतो मी. दिसलात की मला कामावर बरं वाटतं.”

मास्तर खुर्चीकडे बघत राहिले. फुलं अजून तिथेच होती. “तुझ्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय,” ते म्हणाले.

“कुठल्या पत्राचं?”

तो विसरला होता. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तीन वर्षं जे छातीवर घेऊन फिरलो ते त्याच्या आठवणीतही नाही. क्षणभर सगळं पोकळ झालं, त्या कलिंगडासारखं. मग त्यांना वाटलं, बरंच झालं. त्याला आठवत नसेल तरी प्रश्न त्यानेच विचारला होता, आणि आपल्याला उत्तर आता येतंय.

“येईल तेव्हा कळेल,” मास्तर म्हणाले. “उद्या टाकतो.”

“पापा, आत्ता सांगा ना. फोनवर. पत्राला किती दिवस लागतील!”

“लागू देत,” शिवदयाल मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फोन आधी ठेवला.

सकाळी लिहायला बसले तेव्हा पेन अडलं नाही. प्रिय रोनेश, तू विचारलं होतंस, मला काय लागतं. पीठ, तांदूळ आणि तेल तू पाठव. ते आता माझ्याने उचलवत नाही, हे मी कबूल करतो. लितिया ते घेऊन आली की मी तिला चहा देईन, सही करीन. फोटो देणार नाही. भाजी मी आणीन. वाईट आणीन. कधीतरी पडेनसुद्धा, सुकराजी उठवेल. तुझ्या आईची बिस्किटं तू तिथे घे आणि चहात बुडवून खा, शेवटचं तुझ्या पोराला दे; ती तुझी आठवण आहे, माझी नाही. आणि मी कसा दिसतो हे बघायचं असेल तर ये. बाजारात कोपऱ्याचा खांब आहे, तिथे विचार. तिथले सगळे मला ओळखतात. एवढं लिहून त्यांनी पुन्हा वाचलं. कठोर झालंय का? शेवटची ओळ खोडावी का? पेन त्या ओळीवर बराच वेळ थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं, कागदाची घडी केली, आणि धनमतीची पिशवी खांद्याला अडकवून बस पकडली.

पोस्टातल्या बाईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “ऑकलंड? जलद पाठवायचंय का, काका? लवकर पोचेल.”

“नको,” मास्तर म्हणाले. “साधंच.”

तिने तिकिटं फाडून दिली. ती त्यांनी स्वतः चिकटवली, कोपरे नीट दाबून, आणि पाकीट बाहेरच्या लाल पेटीच्या फटीत धरलं. बोटं अजून त्याला चिकटून होती. रस्त्यापलीकडे बाजार भरत होता, आणि कुणीतरी मोठ्याने त्यांचं नाव घेऊन हसत होतं. मास्तरांनी बोटं सोडली. पेटीच्या तळाशी पाकीट पडल्याचा आवाज आला, एवढासा.